भाच्यावर उगारलेली तलवार

'ज्याने व्हेडरला, म्हणजे खलनायक झालेल्या बापालासुद्धा सोडलं, तो ल्यूक झोपलेल्या भाच्यावर लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) उगारेलच कसा?' हा 'स्टार वॉर्स' चित्रपटांच्या चाहत्यांचा मुद्दा मला तरी पटत नाही. १९८३चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' परत बघा. व्हेडर नुसता ल्यूकच्या बहिणीचा विषय काढतो आणि ल्यूकचं डोकं फिरतं. बापाचा हात तुटेपर्यंत तो वार करत सुटतो. थांबतो कधी? त्या तुटक्या मनगटातल्या तारा बघून, मग स्वतःच्या काळ्या मोज्यातल्या यांत्रिक हाताकडे नजर गेल्यावर. म्हणजे गडी आधी उसळतो, मग सावरतो. २०१७च्या 'लास्ट जेडाय'मध्येही तेच, फक्त सावरेपर्यंत भाचा जागा झालेला.

माझी तक्रार वेगळी आहे. कथेतली या दोन प्रसंगांच्या मधली वर्षं कुठे गेली? 'लास्ट जेडाय'च्या आधीच्या 'फोर्स अवेकन्स'मध्ये ल्यूक अगदी शेवटी दिसतो, तोही एक अक्षर न बोलता. तो भाचा, बेन, ल्यूकचा शिष्य म्हणून कसा होता, मामाशी त्याचं कितपत जमायचं, काही नाही. त्या एका रात्रीची हकिगत मात्र तीनदा, तीन तऱ्हांनी. आणि २०१९च्या पुढच्या चित्रपटात तर १९८३ला मेलेला खलनायक सम्राट पॅल्पटीन 'कसातरी परत आला' म्हणे! त्यापुढे ल्यूकचं वागणं फारच तर्कशुद्ध आहे राव.