200 लिटरच्या रीफ टँकला (कोरलच्या खाऱ्या टाकीला) यूव्ही (पाण्यातले जंतू मारणारा दिवा) घ्यावा का?

मुलुंडची_लाट:
मंडळी, सल्ला हवाय. खारी टाकी आहे, खाली संप (फिल्टरची टाकी), सॉफ्टी (मऊ कोरल) आणि थोडे एलपीएस (कडक सांगाड्याची कोरल), मासे म्हणजे दोन क्लाऊन, एक टँग. तीन आठवडे झाले वाळूवर आणि दगडांवर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी येतंय, त्यात बुडबुडे, सायफन केलं की दुसऱ्या दिवशी परत हजर. त्यात परवा टँगच्या अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानदार म्हणतो 9 वॅटचा यूव्ही लाव, दोन्ही जाईल. घेऊ का? चिलरचं लाईट बिल बघूनच घरी तोंड लपवतोय.

मीठभाकर:
त्या दुकानदाराला विचार, माशाच्या अंगावरचा किडा दिव्यापर्यंत चालत जाणार का 😄 क्रिप्टो, म्हणजे त्या पांढऱ्या ठिपक्यांचा किडा, माशाच्या कातडीत बसतो, मग गळून वाळूत गाठ करून राहतो, पाण्यात मोकळी फिरतात ती फक्त पिल्लं आणि त्यातलीही यूव्हीतून गेली तेवढीच मरतात. जोर कमी होईल, आजार जाणार नाही. सगळे मासे वेगळ्या टबात काढ, तिथे कॉपर (तांब्याचं औषध) दे पण टेस्ट किटने मोजून, आणि मेन टाकी 76 दिवस माशांशिवाय ठेव. मेन टाकीत कॉपर चुकूनही नको, कोरल-कोळंबी सगळं जाईल.

दादरची_रीफताई:
ठिपक्यांचं वर सांगितलंय ते बरोबर. शेंबूड मात्र मला डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) वाटतोय आणि तिथे यूव्ही खरंच कामाला येतो, पण सगळ्या डायनोंना नाही रे. ओस्ट्रिओप्सिस रात्री वाळू-दगड सोडून पाण्यात उठतो, म्हणून दिव्यात सापडतो. अँफिडिनियम वाळूतच दडून बसतो, त्याला यूव्हीचं काही सोयरसुतक नाही. तेव्हा आधी पैसे घालू नकोस, लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघ. साफ दिसलं तर यूव्ही घे, पण 9 वॅट नको, 18-20 तरी, फ्लो हळू, आणि पाणी संपमधून नाही तर थेट वरच्या टाकीतून ओढून तिथेच परत सोड. सोबत कार्बन ठेव, ओस्ट्रिओप्सिस विषारी असतो. नायट्रेट-फॉस्फेट शून्य आहे का तेही बघ, डायनोंना तेच फावतं.

मीठभाकर:
आणि बल्ब निळा दिसतोय म्हणजे चालतोय असं नसतं हं, वर्षभरात जंतू मारणाऱ्या 254 नॅनोमीटरच्या किरणांचा जोर उतरतो. माझा दोन वर्षं नुसता शोभेला होता. क्वार्ट्झच्या नळीवर क्षार बसतात, व्हिनेगरने पुसायची, आणि चालू बल्बकडे उघड्या डोळ्यांनी अजिबात बघू नकोस.

मुलुंडची_लाट:
रात्री एकला टॉर्च घेऊन बसलो, बायको उठून आली तिला वाटलं चोर. दगड बऱ्यापैकी साफ, पण वाळूवरचा थर जसाच्या तसा. नायट्रेट शून्य.

दादरची_रीफताई:
मग वाळूत अँफिडिनियम असायची शक्यता जास्त. कुणाकडून मायक्रोस्कोप मागून खात्री कर. तोवर स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कमी कर, पाणी बदलणं थांबव, नायट्रेट वर येऊ दे.

मुलुंडची_लाट:
ओके ताई, यूव्ही कॅन्सल. माशांसाठी 80 लिटरचा टब आणायला कुर्ल्याला निघतोय, कुणाकडे चालू टाकीतला, आजार नसलेला स्पंज फिल्टर आहे का? मध्य रेल्वेवर कुठेही येऊन घेतो.