मदत हवी आहे: बँकांचा सीएसआर खर्च आणि नफा, आधी कोण?

नमस्कार मंडळी. एम.कॉम.च्या प्रबंधासाठी बँकांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्वाचा) खर्च आणि आर्थिक कामगिरी यांचा संबंध तपासतेय, आणि पार अडकलेय.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार खासगी बँकांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करावा लागतो. म्हणजे खर्चच नफ्यावरून ठरतो! मग 'सीएसआर वाढला म्हणून नफा वाढला' असं कुठल्या तोंडाने म्हणू? रिग्रेशनमध्ये (आकड्यांतून दोन गोष्टींचा संबंध मोजायची पद्धत) संबंध दिसतो खरा, पण तो कायद्यानेच घातलेला. खर्च एक-दोन वर्षं मागचा घेऊन पाहिला, तरी शंका जात नाही. 2 टक्क्यांच्या वरचा जादा खर्च तेवढाच धरला तर चालेल का?

दुसरं म्हणजे स्टेट बँक 1955 च्या स्वतंत्र कायद्याखाली, राष्ट्रीयीकृत बँका 1970 आणि 1980 च्या. त्यांना कलम 135 थेट लागू नाही. त्यांना खासगी बँकांबरोबर एकाच नमुन्यात बसवू की वेगळं ठेवू? शिवाय रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये सुरू केलेल्या मालमत्ता गुणवत्ता तपासणीनंतर (म्हणजे बँकांची बुडीत कर्जं नीट तपासल्यानंतर) बऱ्याच सरकारी बँका तोट्यात गेल्या, ती वर्षं वगळावीशी वाटतात. (गाईड म्हणतात, 'सगळं घे'. बरं!)

पॅनेल डेटावर (त्याच बँकांचे अनेक वर्षांचे आकडे) काम केलेलं कुणी आहे का इथे?