जेलवर भेसळ दिसते, पण आधी केसीन बाजूला काढा
दूध पावडरीतली सोया किंवा वाटाण्याच्या प्रथिनांची भेसळ जेल इलेक्ट्रोफोरेसिसवर (विजेच्या मदतीने जेलमध्ये प्रथिनं वेगळी करून त्यांचे पट्टे पाडण्याची पद्धत) दिसत नाही, मास स्पेक्ट्रोमेट्रीच (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) हवी, हे मत मला अर्धंच पटतं. पावडर तशीच विरघळवून जेलवर चढवली तर केसीनचे जाड पट्टे बाकीचं झाकून टाकतात, हे खरं. दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीनच असतं! पण नमुना आधी टेट्राबोरेट-इडीटीए बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ढवळला, तर इडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, केसीनचे मायसेल (कॅल्शियमने बांधलेले बारीक गोळे) फुटून ते विरघळतं आणि वनस्पतिजन्य प्रथिनांचा बराच भाग तसाच राहतो. सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली बसलेला साका धुऊन तोच जेलवर चालवायचा. यंत्राच्या किमतीवर इतकी चर्चा होते, पण नमुन्याच्या या तयारीबद्दल कुणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं.

हायड्रोलाइज केलेली, म्हणजे आधीच लहान तुकड्यांत तोडलेली प्रथिनं असतील तर मात्र हा उपाय लंगडा पडतो. तुकडे बफरबरोबर निघून जातात, ठरावीक पट्टे उमटत नाहीत, आणि एलायझातल्या (अँटिबॉडी वापरून प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीतल्या) अँटिबॉडीलाही ओळखीचा भाग सापडेलच असं नाही. तिथे सोयातल्या ग्लायसिनिन या प्रथिनाचे खास पेप्टाइड (लहान तुकडे) शोधणारी एलसी-एमएसच (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री) जास्त भरवशाची.