विज्ञानकथा, रहस्यकथा आणि ग्रंथेतिहास यांचे वाचन एकत्र कसे करावे?

कोथरूडकर: विज्ञानकथा आणि रहस्यकथा मी आवडीने वाचतो. आता पुस्तकांच्या इतिहासाविषयीचे अभ्यासपूर्ण ग्रंथही वाचावेत, असे मनापासून वाटते. अप्पा बळवंत चौकात पुस्तके मुबलक मिळतात, परंतु सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ग्रंथप्रेमी: अ. का. प्रियोळकरांचा भारतातील मुद्रणावरील 1958 सालचा इंग्रजी ग्रंथ आधी वाचावा. गोव्यात 1556 मध्ये आलेल्या छापखान्यापासून त्याची कथा सुरू होते. त्यानंतर एखादे जुने शिळाछापाचे पुस्तक अवश्य हाताळावे. लेखनिकाने तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवून छापला जात असल्यामुळे त्याच्या हाताचे वळण, अक्षरांची दाटी, ओळीच्या शेवटी झालेली ओढाताण, सारे जसेच्या तसे दिसते. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत हे हरवते आणि माझ्या मते ग्रंथेतिहासाची खरी गोडी येथेच लागते.

सदाशिवपेठी: सहमत. रहस्यकथांसाठी बाबूराव अर्नाळकर आहेतच. स्वस्त छपाई आणि वाचनालयांतून फिरणाऱ्या प्रती यांमुळे हा प्रकार घराघरांत पोहोचला, म्हणून त्यांची पुस्तके ग्रंथेतिहासाचे साधन म्हणूनही पाहावीत.

नभोवाचक: विज्ञानकथेत जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 1974 मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले.

कोथरूडकर: मनःपूर्वक आभार. प्रियोळकरांपासूनच आरंभ करतो.