२^१३६२७९८४१ − १ : अंक मोजताना आणि चाचणी लिहिताना काय चुकतंय?

प्रश्न
ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या या मर्सेन मूळ संख्येबद्दल (२ च्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या) दोन अडचणी आहेत. घातांकाला ०.३०१०३ ने (२ चा १० पायाचा लॉग) गुणून पूर्णांकात १ मिळवला की ४,१०,२४,३२१ अंक येतात. जाहीर आकडा ४,१०,२४,३२० आहे. दुसरं, अशी संख्या मूळ आहे का ते ठरवणाऱ्या ल्युका-लेमर चाचणीचा प्रोग्रॅम ३, ५, ७ या घातांकांनाही ‘संयुक्त’ म्हणतो. घातांक ‘घ’ धरू. सुरुवात ४ पासून. वर्ग, वजा २, मग २^घ − १ ने भागून बाकी. असं घ − २ वेळा, शेवटी ० आलं तर संख्या मूळ. भागाकार टाळण्यासाठी ‘घ’ बिटांच्या (द्विमान अंकांच्या) वरचा भाग खालच्या भागात मिळवतो.

उत्तर १
अंकांचा घोळ लॉगमुळे आहे. ०.३०१०२९९९५६६४ घ्या. तुमची किंमत जेमतेम ०.००००००००४३ ने जास्त आहे, पण तिला साडेतेरा कोटींहून मोठ्या घातांकाने गुणलं की ०.५९ चा फरक पडतो. खरा गुणाकार ४,१०,२४,३१९.९४५, म्हणजे काठावरच! तो ०.९४५ टाकू नका: १०^०.९४५ सुमारे ८.८१, म्हणून संख्या ८८ ने सुरू होते. शेवटचा अंक तर तोंडी येतो. घातांकाला ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणून २ च्या घाताच्या शेवटी २, आणि आपल्या संख्येच्या शेवटी १.

उत्तर २
प्रोग्रॅमचं बघू. घ = ७, म्हणजे १२७ साठी पायऱ्या: ४, १४, ६७, ४२, १११. पुढे १११² − २ = १२३१९ = ९६ × १२८ + ३१. तुमच्या रीतीने ९६ + ३१ = १२७. हे शून्यच आहे, फक्त सगळे बिट १ असलेल्या रूपात. धन संख्येचे भाग मिळवून ० कधीच येत नाही, म्हणून प्रत्येक घातांक नापास होतो. उत्तर २^घ − १ आलं की त्याला ० करा. बेरीज ‘घ’ बिटांत मावली नाही तर तीच क्रिया पुन्हा करा. घ = २ ला ही चाचणी लागू नाही, तो वेगळा हाताळा.

प्रश्नकर्ता
जमलं! ११ ला संयुक्त येतंय, तेही बरोबर ना?

उत्तर २
बरोबर, २०४७ = २३ × ८९. घातांक विषम मूळ असेल तर प्रत्येक मूळ विभाजक २ × क × घ + १ असाच असतो (क म्हणजे कोणतीतरी पूर्ण संख्या), आणि ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७. चाचणीआधी असे छोटे विभाजक तपासून घ्या, बरेच घातांक तिथेच गळतात.

उत्तर ३
मोठ्या घातांकांना वर्ग शाळेच्या पद्धतीने करू नका, फूरिये रूपांतर (मोठे गुणाकार झटपट करण्याची रीत) वापरा. त्यात दशांश किंमती पूर्णांकात आणताना चूक ०.५ च्या जवळ गेली तर निकाल बिघडतो, आणि पुढची प्रत्येक पायरी चुकीचीच येते. म्हणून आता आधी पाया ३ ची फर्मा चाचणी (३ चा मोठा घात काढून बाकी बघण्याची) करतात. तिच्यात गर्बिच तपासणीने चूक वाटेतच पकडता येते. पण त्यातून फक्त ‘बहुधा मूळ’ एवढंच कळतं. या संख्येचंही तसंच झालं: ११ ऑक्टोबरला फर्मा, १२ ला ल्युका-लेमरने शिक्कामोर्तब.