पारेषणातील हानी कोणाच्या खात्यावर टाकायची?

धागाकर्ता:
वीजनिर्मिती आणि पारेषण (वीज तारांवरून दूर वाहून नेणे) वेगळे झाल्यापासून एकाच तारमार्गावर अनेक उत्पादकांची वीज वाहते, आणि त्या मार्गात उष्णता होऊन वाया जाणारी वीज कोणी भरून द्यायची, यावर वाद होतात. अंतर न पाहता सर्वांना एकच दर लावणे मला उघड अन्याय वाटतो. कारण जवळच्या केंद्रातून वीज घेणारा दूरच्याची हानी भरत राहतो. त्यापेक्षा विद्युत अभियंते यानुश ब्यालेक यांनी १९९६ साली मांडलेली प्रवाहाचा माग काढण्याची पद्धत मला योग्य वाटते. उपकेंद्राच्या बसवर (सर्व मार्ग जिथे एकत्र जोडलेले असतात त्या वाहकपट्टीवर) आलेली वीज पूर्ण मिसळते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मार्गात आवकेच्याच प्रमाणात वाटली जाते, एवढेच तिचे गृहीतक आहे. बसवर ९० आणि ३० मेगावॅट आले आणि त्यांतले ८० एका मार्गाने पुढे गेले, तर त्यांत ६० पहिल्याचे आणि २० दुसऱ्याचे.

प्रतिसाद, पारेषण अभियंता:
हे मिसळणे कोणत्याही मीटरवर दिसत नाही. किर्चहॉफचे नियम, म्हणजे विद्युत मंडलाचे मूलभूत नियम, बसवरची एकूण आवक आणि जावक समान असल्याचे सांगतात; कोणाची वीज कुठे गेली, हे सांगत नाहीत. शिवाय हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या मार्गावर १०० मेगावॅटला १ मेगावॅट हानी होत असेल, तर ३०० ला ९ आणि वीजविक्रीचे हे दोन्ही व्यवहार एकत्र आल्यास १६ होते. १०० चा व्यवहार आधी आला असे धरले तर त्याची हानी १, आणि नंतर आला असे धरले तर ७. यातले खरे कोणते?

धागाकर्ता:
दोन्ही क्रमांची सरासरी ४ येते आणि प्रमाणशीर वाटपही बरोबर ४ च देते. कोण आधी आले यावर बिल अवलंबून राहू नये, हाच तर माझा आग्रह आहे. गृहीतक मोजून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण हिशेबासाठी ते सर्वांना सारखे लागू होते आणि कोणालाही तपासून पाहता येते.

प्रतिसाद, बाजार अभ्यासक:
माझा आक्षेप वेगळा आहे. याच मार्गावर ३०० मेगावॅट एका दिशेने जात असताना कोणी उलट दिशेने १०० चा व्यवहार केला, तर निव्वळ प्रवाह २०० होतो आणि हानी ९ वरून ४ वर येते. माग काढणारी पद्धत निव्वळ प्रवाहच पाहते, म्हणून ५ मेगावॅट वाचवणाऱ्याला ती फार तर शून्य आकार लावील, श्रेय देणार नाही. सीमांत हानीवर, म्हणजे आणखी एक मेगावॅट वाहिल्याने हानी जितकी वाढते किंवा घटते त्यावर, आधारलेला दर ते श्रेय देतो, आणि नवे केंद्र कुठे उभारावे याचा इशाराही त्यातूनच मिळतो.

धागाकर्ता:
सीमांत दराने १०० आणि ३०० च्या उदाहरणातील एकूण ४०० मेगावॅटवर, दर मेगावॅटमागे ०.०८ प्रमाणे, ३२ मेगावॅटची वसुली होते, म्हणजे प्रत्यक्ष हानीच्या दुप्पट. ही जादा रक्कम कोणाला किती परत करायची, हे ठरवताना वाटपाचा प्रश्न पुन्हा समोर येतोच. तिथे तरी माग काढण्याची पद्धत वापरावी.

प्रतिसाद, बाजार अभ्यासक:
तिथे तर मुळीच नको. ज्याच्या नावावर हानी जास्त, त्यालाच परतावा जास्त मिळाला, तर दराने दिलेला इशारा परताव्याने पुसला जाईल. परतावा एकूण वापराच्या प्रमाणात द्यावा, मार्गाशी त्याचा संबंध ठेवू नये.