मोगऱ्याला पानंच पानं, भेंडी करपली: खत जास्त झालंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बागकामाच्या धाग्यांवर आजवर नुसती वाचून जात होते. आज अडलंय म्हणून लिहितेय.

आम्ही पुण्यात. चार मजली सोसायटी, गच्चीचा एक कोपरा आमच्याकडे. बाग खरं तर सासूबाईंची. दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जिना बंद झाला आणि बाग माझ्या गळ्यात पडली. बटमोगऱ्याच्या दोन जुन्या कुंड्या, बाकी रंगाचे २० लिटरचे रिकामे डबे. ऊन सकाळी आठपासून चारपर्यंत रणरणतं.

काय केलं ते खरं खरं सांगते, ओरडू नका. जानेवारीच्या शेवटी मोगरा छाटला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर "अजून खाली, अगं अजून खाली" करत होत्या, त्यामुळे छाटणी तरी चुकली नसावी. मग मला वाटलं, एवढं कापलंय तर बिचाऱ्याला खायला घालूया. दर रविवारी १९:१९:१९ या विद्राव्य रासायनिक खताचं पाणी, वर पंधरवड्याला मूठभर शेंगदाणा पेंड. आता पानं काळपट हिरवी, फुटवे हात हात लांब, वेलासारखे लोंबतायत. कळी एक नाही. होळी चार दिवसांवर आली. सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे या सुमारास देवापुरती फुलं निघायला लागतात.

भेंडीचं दुःख वेगळं. परभणी क्रांती जातीचं बी १५ फेब्रुवारीला पाच डब्यांत टोकलं. उगवण झकास. चार पानांवर आल्यावर त्यांनाही पेंड दिली, सुकीच, मातीत कालवून. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, दोन डब्यांतली रोपं बुंध्याशी लोळली. काल एका डब्यात बोटं खुपसली तर माती चक्क कोमट! आत पेंडीचं ढेकूळ, पांढऱ्या बुरशीनं गुंडाळलेलं, फोडलं तर मुंग्या. वास असा की कपडे वाळत घालायला आलेल्या काकू बादली घेऊन परत खाली गेल्या.

मोगऱ्याला या मोसमात फुलं येतील असं काही करता येईल का? भेंडी पुन्हा लावायला उशीर झालाय का? आणि त्या पाच डब्यांतल्या मातीचं काय करू, टाकून देववत नाही.

खुरपं
खत जास्त झालंच आहे. शेंगदाणा पेंडीत नत्र (नायट्रोजन) ७-८ टक्के असतं. सुकी पेंड डब्यात कुजायला लागली की गरम होते, अमोनिया सुटतो, कोवळी मुळं भाजतात. शेतात ती उष्णता पसरून जाते, २० लिटरच्या डब्यात जाणार कुठे? पेंड द्यायची तर १०० ग्रॅम एक लिटर पाण्यात ३-४ दिवस भिजवा, वरचं पाणी दहापट पातळ करा, आणि तेही महिन्यातून एकदा.

मोगऱ्याच्या कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी धरलीय का बघा. असेल तर ते साचलेलं खत. खालून वाहून जाईल इतकं साधं पाणी दोन-तीनदा द्या. मग महिनाभर काही म्हणजे काही घालू नका.

परसातली आजी
अगं, मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्यावर येतात. ते लोंबणारे शेंडे निम्म्यावर खुड, बाजूनं आखूड फुटवे येतील, त्यांना कळ्या धरतील. पाण्याचा ताण मात्र आता देऊ नकोस. तो जानेवारीत द्यायचा, छाटणीच्या आधी. मार्चच्या उन्हात कुंडीतलं झाड आठ दिवस कोरडं ठेवलंस तर सरपण होईल.

सासूबाईंना विचार, त्या काय घालत होत्या. बहुतेक काहीच नाही!

गच्चीमित्र
भेंडी आजच्या आज टोका. उन्हाळी पेरणीचा हा शेवटचा हप्ता धरा. बी रात्रभर भिजवून, थेट डब्यातच, एका डब्यात दोन. सोटमूळ असतं, उपटून दुसरीकडे लावली की रुसते. परभणी क्रांती निवडलीत ते उत्तम, पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या केवडा रोगाला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. तरी तो रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट कागद टांगाच.

मी स्वतः जीवामृत हे शेण-गोमूत्राचं द्रवखत वापरतो, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या प्रमाणात. १० लिटर पाण्याला शेण अर्धा किलो, गोमूत्र अर्धा लिटर, गूळ आणि बेसन १००-१०० ग्रॅम, मूठभर माती. सावलीत दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ ढवळून.

खुरपं
जीवामृत चांगलंच, पण आत्ता नको. अजीर्ण झालेल्याला अजून पंगतीत बसवू नका.

पाच डब्यांची माती फेकू नका. ढेकळं वेचून काढा, माती कागदावर पसरून आठ-दहा दिवस उलटीपालटी करा, वास गेला की निम्मी साधी माती मिसळा आणि लाल माठाचं (पालेभाजीचं) बी पेरा. नत्र जास्त झालं की पानंच येतात ना? माठाची पानंच खायची आहेत. महिन्याभरात भाजी. भेंडीला मात्र नवी माती भरा: माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड. वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, स्लॅब तापला की त्याचा उपयोग कळतो.

(मूळ धागाकर्ती, १९ दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. खरपुडी होती, नखानं खरवडली तर पापुद्रेच निघाले. तीनदा पाणी वाहू दिलं, शेंडे खुडले (जीव तुटत होता). सासूबाईंना विचारलं. आजी, तुमचं खरं निघालं: वर्षातून दोनदा शेणखत आणि तांदूळ धुतलेलं पाणी, बस.

आज सकाळी एका कुंडीत सात कळ्या मोजल्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या. फोटो खाली पाठवला तर उत्तर आलं, "आठ आहेत, पानामागची बघ." होती.

भेंडी दहापैकी नऊ उगवली, खत शून्य. लाल माठ बोटभर झालाय. एका डब्यात हावरटपणानं दोडकाही लावलाय, त्याला गच्चीत मांडव कशाचा करावा? भिंतीला खिळा ठोकायची सोसायटीची परवानगी नाही.